नऊ ते पाचची सूट

आमच्या ओळीत हल्ली सकाळचे नऊ वाजले की घड्याळ बघावं लागत नाही. घराघरांच्या मागच्या अंगणात वॉशिंग मशीन एकदम घरघरायला लागतात. नेरूळमधली ही सिडकोची रो-हाऊस. दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत, भिंतीवर दोरी, दोरीवर धुणं आणि धुण्याच्या पलीकडून काकूंचा आवाज.

"काय गं, आज साडेआठलाच मशीन? ऐंशी पैसे घालवलेस ना!"

"ऐंशी नाही हो काकू. मशीन खातं अर्धं युनिट. चाळीस पैसे गेले."

"चाळीस तर चाळीस. रस्त्यात पडलेले दिसले तर उचलशील ना?"

यावर बोलायला जागा नसते. काकूंना विजेचा हा हिशेब पाठ आहे, कारण त्यांचे यजमान अण्णा वीज बोर्डातून रिटायर झालेत. बोर्ड २००५ मध्ये मोडलं, त्याच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, बिलावर 'महावितरण' छापून येऊ लागलं, त्यालाही आता वीस वर्षं झाली. पण अण्णांच्या तोंडी अजून 'आमचं बोर्ड'च आहे. खरं सांगायचं तर नेरूळमध्ये अर्ध्या लोकांच्या तोंडी अजून 'एमएसईबी'च आहे.

तर ऐंशी पैशांचं प्रकरण असं. ज्यांच्याकडे नवे टीओडी मीटर, म्हणजे वापराची वेळही नोंदवणारे 'टाइम ऑफ डे' मीटर बसलेत, त्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात वापरलेल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे सूट मिळायला लागली. वीज नियामक आयोगाच्या आदेशात ही सूट पुढच्या वर्षांत पायरीपायरीनं रुपयापर्यंत न्यायची असं आहे. संध्याकाळच्या वापराला घरगुती ग्राहकाला जादा आकार लावलेला नाही. म्हणजे गाजर आहे, छडी नाही.

"पण दिवसाच का?" मी विचारलं होतं. "आमचे दीर तर उलटं सांगायचे."

दिरांचं तुर्भ्याला एमआयडीसीत छोटं वर्कशॉप. त्यांची भट्टी कायम रात्रपाळीला. कारण कारखान्यांना तेव्हा रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सूट असायची आणि सकाळी ९ ते १२, संध्याकाळी ६ ते १० या वेळात जादा आकार. सगळी टीटीसी औद्योगिक पट्टी त्या घड्याळावर चालायची. माणसं रात्री जागायची, कारण वीज रात्री स्वस्त.

हा विषय निघाला की अण्णा खुर्ची भिंतीजवळ ओढतात. "कोळशाचं केंद्र रात्री बंद करून सकाळी चालू करता येत नाही. ते धगधगतच ठेवावं लागतं. रात्री मागणी नाही, वीज तर तयार होतेय, मग द्या सूट. आता दुपारी सूर्य एवढी वीज ओततोय की घ्यायला कुणी नाही आणि साठवायला जागा नाही. संध्याकाळी सात वाजता सूर्य घरी जातो आणि तुम्ही सगळे घरी येता. दिवे, टीव्ही, गीझर, एसी, सगळं एकदम. तेव्हा बाहेरून महागाची वीज घ्यावी लागते. म्हणून बोर्ड म्हणतं, बाबांनो, कामं दुपारी उरका." कारखान्यांचं वेळापत्रकही आता उलटलंय. सूट दुपारी आणि संध्याकाळी पाचनंतर जादा आकार. दिरांचे कामगार रात्री झोपायला लागले, हा या सगळ्यातला मला दिसलेला एकमेव निर्भेळ फायदा.

काकूंना मात्र यात वेगळाच रस. त्यांनी अख्ख्या ओळीचा हिशेब मांडलाय.

"कोपऱ्यावरच्या वहिनी बघ. दोघं नवराबायको सकाळी लोकलनं फोर्टला, पोरगी कॉलेजात. नऊ ते पाच घरात चालतो फक्त फ्रिज. दिवसाला युनिटभर धर, त्यातला तिसरा हिस्सा सूटीच्या वेळात. महिन्याला आठ रुपये सूट! आणि मी? मशीन, इस्त्री, मिक्सर, दोन पंखे, यांची क्रिकेट मॅच. तीन युनिटं कुठं गेली नाहीत. सत्तर-बहात्तर रुपये."

"म्हणजे घरी बसणाऱ्यांना बक्षीस."

"घरी बसणाऱ्यांना नाही, घरी राबणाऱ्यांना," काकू म्हणाल्या, आणि दोरीवरचा टॉवेल जरा जोरातच झटकला.

इथं मी काकूंच्या बाजूची असले तरी योजनेच्या नाही. नवी मुंबईत बऱ्याच घरांत दोन माणसं कमावती, सकाळी आठच्या आत निम्मी ओळ रिकामी. खरी वीज खातो तो एसी, आणि तो चालतो रात्री दहा ते सहा. मे महिन्यात खाडीवरची दमट हवा घरात शिरली की पंख्यानं भागत नाही. त्या एसीला दुपारी चालव म्हणून कसं सांगणार? जी कामं हलवता येतात, ती मुळात लहान आणि जे मोठं आहे ते हलत नाही. योजना आखताना कुणी या भिंतीपाशी पाच मिनिटं उभं राहिलं असतं तरी कळलं असतं.

मग बिल खरंच कुठं वाढतं? त्यावर ओळीत जेवढी तोंडं तेवढी मतं. सर्वांत लाडकं मत असं की, तीनशेच्या वर एक युनिट गेलं की अख्खं बिल वरच्या दरानं लागतं. हे साफ खोटं आहे, पण आमच्याकडे वेदवाक्य. अण्णा दर महिन्याला समजावतात. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. पहिली शंभर युनिटं सगळ्यांनाच पहिल्या दरानं, पुढची फक्त पुढच्या दरानं. ३०१वं युनिट महाग, आधीची तीनशे जशीच्या तशी. खरी मोठी उडी शंभराला आहे, कारण १०१व्या युनिटाचा दर आधीच्या दुपटीच्या आसपास जातो. वर इंधन समायोजन आकार, वर १६ टक्के वीज शुल्क. थोडक्यात, पाचशेच्या वरचं एक युनिट वाचवलं तर जे मिळतं, ते दुपारी दहा युनिटं वापरूनही सूटीत मिळत नाही.

"हे बिलावर लिहीत का नाहीत ठळक?" मी विचारलं.

"लिहिलेलं असतं. तू मागची बाजू वाचतेस का?"

नाही वाचत. कोण वाचतं?

ग्राहकानं आपलं ऐकावं म्हणून महावितरणनं काही केलं नाही असं नाही. कागदी बिल नको म्हणा, बिलामागे दहा रुपये सूट. बिल मिळाल्यावर लवकर भरा, एक टक्का सूट. ऑनलाइन भरा, आणखी थोडी. २०२५ मध्ये तर 'लकी डिजिटल ग्राहक' म्हणून सोडतच काढली. बक्षीस स्मार्टफोन आणि स्मार्टवॉच. काकूंनी अण्णांमागे लकडा लावला. मग कळलं, ज्यांनी आदल्या वर्षात एकदाही ऑनलाइन बिल भरलेलं नाही त्यांच्यासाठीच ती सोडत. अण्णा ॲप आल्यापासून मोबाइलवरून भरतात. "शहाण्यासारखं वागलं की बक्षीस चुकतं," ही काकूंची तक्रार अजून ताजी आहे. मला मात्र ती युक्ती पटली. जो आधीच येतोय त्याला बोलवायचं कशाला?

पण दहा रुपये आणि स्मार्टवॉच देऊन माणूस बिल भरायच्या खिडकीवरून ॲपवर जाईल. त्यानं एसी दोन अंशांनी वर होणार नाही. त्याला दुसरंच काहीतरी लागतं आणि ते अमेरिकेत कळलंय.

माझा भाचा कॅलिफोर्नियात. तिथं वीज कंपनीकडून पत्र येतं, त्यात लिहिलेलं असतं की तुमच्यासारख्या शेजारच्या घरांनी या महिन्यात इतकी वीज वापरली, काटकसरी शेजाऱ्यांनी इतकी आणि तुम्ही इतकी. याची मुळं तिथल्याच सॅन मार्कोस गावातल्या प्रयोगात आहेत. घरोघरी दारावर पाट्या अडकवल्या. कुणाला लिहिलं पैसे वाचतील, कुणाला पर्यावरण वाचेल, कुणाला समाजाचं भलं होईल. आणि काहींना लिहिलं, तुमचे बहुतेक शेजारी एसीऐवजी पंखा लावतात. वापर कमी झाला तो या शेवटच्या घरांत. दुसऱ्या प्रयोगात गंमत झाली. आपण सरासरीपेक्षा कमी वापरतो असं कळल्यावर काटकसरी लोक सैलावले आणि जास्त वापरू लागले. मग त्यांच्या कागदावर हसरा चेहरा काढला, तेव्हा ते पुन्हा जागेवर राहिले. पुढे ओपॉवर नावाच्या कंपनीनं याचाच धंदा केला. वाचते ती वीज दोनेक टक्केच, पण लाखो घरांत.

मी हे काकूंना सांगितलं तर त्या खो-खो हसल्या. "एवढ्यासाठी कंपनी? मी फुकट सांगते. समोरच्यांकडे तीन एसी, त्यातला एक कुत्र्यासाठी."

"आणि हसरा चेहरा?"

"तो मी कुणाला द्यायची नाही."

गंमत बाजूला ठेवू. असं पत्र नेरूळला पाठवायचं तर 'तुमच्यासारखी घरं' आधी नीट शोधावी लागतील. पाम बीच रस्त्यावरचा टॉवर, शिरवणे गावातली चाळ आणि आमची रो-हाऊस यांची सरासरी काढली तर ती कुणाचीच होणार नाही. आणि त्याच्याही आधी लोकांचा विश्वास लागेल.

कारण नवीन मीटर म्हटलं की ओळीत अजून भुवया वर जातात. २०२० च्या टाळेबंदीत रीडिंग थांबलं, सरासरी बिलं गेली आणि जूनमध्ये तीन महिन्यांचा आकडा एकदम हातात पडला. हिशेब बरोबर होता की नाही यावर राज्यभर महाभारत झालं. मग स्मार्ट प्रीपेड मीटरची बातमी आली, तेव्हा लोकांनी आधीच कान टवकारले होते. विरोध इतका झाला की जून २०२४ मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं, सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर नाही. आता जे बसतात ते पोस्टपेड, बिल महिन्यानंतरच. नावही 'टीओडी मीटर'. काकूंचं म्हणणं, "नाव बदलून आलेला पाहुणा दिसला की मी आधी चप्पल मोजते." अण्णा चिडतात. पण चाळीस वर्षं बोर्डाची बाजू घेतलेल्या माणसालासुद्धा मान्य आहे की, मीटर बसवायला आलेल्या पोरानं दोन मिनिटं थांबून हा कशासाठी, यात काय दिसतं, एवढं सांगितलं असतं तर निम्मी भांडणं झालीच नसती.

अण्णांचं पुढचं खूळ गच्चीवरचं सोलर. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. काकूंचा विरोध आहे, कारण गच्चीवर त्यांचे पापड वाळतात. तो तंटा उन्हाळ्यानंतर सुटेल.

तोवर वाचकहो, एक करा. नवा मीटर बसला असेल तर तासागणिक वापर मोबाइलवर दिसतो, असं महावितरण सांगतं. ॲप उघडा आणि मे महिन्यातला एक दिवस बघा. मोठा आकडा नऊ ते पाचमध्ये दिसला तर मशीनची वेळ पाळा, चार पैसे मिळतील. तो रात्री दहानंतर दिसला, आणि नेरूळमध्ये बहुतेकांना तो तिथेच दिसेल, तर ऐंशी पैशांचा नाद सोडा आणि एसी २४ वर ठेवा. जानेवारी २०२० पासूनचे स्टार लेबलवाले एसी कंपनीतूनच २४ वर लावून येतात. अंश खाली आणतो ते आपण. एक अंश वर ठेवला तर सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. सत्तर रुपयांच्या सूटीपेक्षा ती रक्कम कितीतरी मोठी आहे.