उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीस अनावृत पत्र

रा. रा. चौकटराव यांस,
स. न. वि. वि.

आपला मुक्काम आमच्या टीव्हीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात असतो. एरवी आपण दिसत नाही. चित्रपट संपायला आला, कुणाच्या घशात आवंढा आला, की आपण प्रकट होता आणि ‘पुढचा चित्रपट ५… ४… ३…’ अशी उलटी मोजणी सुरू करता. तोवर मूळ चित्रपट टपाल तिकिटाएवढा होऊन वरच्या कोपऱ्यात गेलेला असतो. ‘नामावली पाहा’ असं एक बटण आपण उदारपणे ठेवलंय खरं, पण रिमोट उशीखालून निघेपर्यंत आपलं शून्य होऊन जातं.

आपली तळमळ मी समजू शकते. माझ्यासारखी बाई ओटा आवरून साडेनऊला सोफ्यावर बसते, चित्रपट बघते, आणि संपल्यावर दोन मिनिटं तशीच बसून राहिली तर? विचारबिचार करायला लागली तर? आमची एवढी काळजी आमच्या आईवडिलांनीही केली नव्हती.

गेल्या काही आठवड्यांत आम्ही राहून गेलेले आणि पुन्हा बघावेसे वाटणारे चित्रपट लावायचा सपाटा लावला होता. प्रत्येकाबद्दल माझं काही मत झालं, पण आपली घाई बघता ते मनात पुरतं तयार होण्याआधीच पुढचं दळण सुरू झालेलं असायचं. म्हणून आता लेखी कळवते.

‘सैराट’ घ्या. पूर्वार्धातली स्लो मोशनची हौस मला आजही जास्त वाटते; विहिरीत उड्या मारून मारून पोरं दमत कशी नाहीत? पण हैदराबादचा भाग, ते पत्र्याचं घर, ती भांडणं, संशय आणि परत जुळणं, हा खरा चित्रपट. आणि शेवट. अजय-अतुलनी या चित्रपटासाठी हॉलिवूडच्या स्टुडिओत जाऊन अख्खा ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता. इतकं संगीत हाताशी असताना नागराज मंजुळेंनी शेवटच्या दृश्यात आवाजच काढून घेतला. रक्तात माखलेली इवली पावलं उमटत जातात आणि कानांवर काही म्हणजे काही येत नाही. ती शांतता प्रेक्षकाने सोसायची असते, तेवढ्यासाठीच ती ठेवलेली असते.

आणि आपण काय लावलंत? लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्या मंडळींचा विनोदी चित्रपट, बँडबाजासकट. आपल्या हिशेबात बरोबरच आहे म्हणा. मी मराठी बघितलं, प्रेमकथा बघितली, लग्न बघितलं. मग आणखी एक मराठी, प्रेमकथा, लग्न. मुलीच्या भावाने काय केलं, याचा रकाना आपल्या तक्त्यात नसणार.

यात आमच्या सासूबाईंचं नुकसान मोठं. त्यांना चित्रपटापेक्षा नावं जास्त आवडतात. संकलन कुतुब इनामदार, हे त्या मोठ्याने वाचतात आणि लगेच, “अगं, हे इनामदार कुठले गं?” छायाचित्रण सुधाकर रेड्डी यक्कंटी वाचल्यावर हे आपल्याकडचे नाहीत म्हणून जराशा हिरमुसतात, पण काम चांगलं केलंय असं प्रशस्तिपत्रक देऊन टाकतात. ही चौकशी रीतसर व्हायला नामावली पूर्ण उंचीची लागते. तिकिटावरची नावं त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही वाचता येत नाहीत.

‘फँड्री’च्या वेळी तर आपण कमालच केलीत. अख्खं गाव हसतंय, कचरू मान्याचं कुटुंब डुकरांमागे धावतंय, आणि शेवटी त्याचा मुलगा जब्या दगड उचलून थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर, भिरकावतो. तो दगड आम्हाला लागायच्या आत आपण मध्ये आडवे आलात. शूर आहात.

‘कोर्ट’ला मात्र आपलं पितळ उघडं पडलं. चैतन्य ताम्हाणे यांचा हा २०१४ चा चित्रपट. कोर्टातल्या प्रसंगांचं कौतुक सगळेच करतात. मला त्याहून सरकारी वकील बाईंचं घर आवडलं. गीतांजली कुलकर्णी दिवसभर एका शाहिराला आत टाकण्यासाठी कलमं वाचतात आणि संध्याकाळी घरी येऊन चारचौघींसारख्या कणीक मळायला उभ्या राहतात. त्या वाईट नाहीत, हीच त्या चित्रपटातली सगळ्यात भीतिदायक गोष्ट. तर, शेवटाकडे कोर्टाला उन्हाळ्याची सुटी लागते, दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो. चांगला वेळ काळाच राहतो. आमच्या घरात संपला म्हणून एक जण उठला, दुसऱ्याने पंखा वाढवला, सासूबाईंनी चष्मा सरसावला. आपण मात्र जागचे हलला नाहीत. कारण चित्रपट संपलेलाच नव्हता. त्यानंतर न्यायाधीश साहेबांची सहल होती. ते बाकावर डुलकी घेतात, पोरं कानाशी ओरडून त्यांना दचकवतात, साहेब एकाच्या थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटून घेतात. मग संपतो, आणि मग आपण हजर!

म्हणजे नामावली कोणत्या सेकंदाला सुरू होते, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. तशी नोंद प्रत्येक चित्रपटासोबत आधीच करून ठेवलेली असते. माणसं अंधाराला फसतात, आपण फसत नाही. इतके दिवस मी समजत होते की बिचारं यंत्र आहे, चुकून मध्ये येतं. चुकून कसलं, मुहूर्त काढून येता आपण.

त्या नामावलीत कोण होतं सांगू? त्या चित्रपटात अभिनयाचा अनुभव नसलेली कितीतरी माणसं आहेत. शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार खऱ्या आयुष्यातही चळवळीतले कार्यकर्ते होते, एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले. अशा माणसांचं नाव पोस्टरवर मोठं येत नाही, मुलाखतींत येत नाही. ते जिथे येतं, तिथे आपण गिनिपिगांवरचा माहितीपट लावलात.

आता ‘द डिसायपल’. हाही ताम्हाणे यांचाच, व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळवलेला. शरद नेरुळकर हा गायक मला आवडला नाही. तो आवडावा असं दिग्दर्शकालाही वाटत नसावं. पण तो रात्री रिकाम्या रस्त्यावरून मोटारसायकल हाकत जातो, मागे तानपुरा वाजत असतो आणि कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंची जुनी ध्वनिमुद्रित व्याख्यानं, ते दृश्य पुन्हा पुन्हा येऊनही कंटाळा येत नाही. माई पडद्यावर एकदाही दिसत नाहीत. नुसता आवाज. कोरडा, संथ, समोरच्याची अजिबात समजूत न काढणारा. सासूबाई म्हणाल्या, “हा आवाज मी कुठेतरी ऐकलाय.” मलाही तसंच वाटलं. दोघींनी ठरवलं, शेवटी नाव येईल तेव्हा बघू.

शेवट असा आहे की शरद बायको-मुलीसह लोकलमध्ये बसलाय आणि डब्यात एक जण गात येतो. फाटक्या कपड्यांतला, कुणाचाही शिष्य नसलेला. शरद बघतो. त्या बघण्यात हेवा आहे, की सुटका आहे, की डब्यात असे गाणारे रोजच येतात म्हणून नुसती सवय, यावर आमच्याकडे भांडण व्हायला हवं होतं. झालं नाही. पाककृतींची स्पर्धा सुरू झाली आणि सासूबाईंचं लक्ष पुरणाकडे गेलं.

नाव शोधायला मला मागे जावं लागलं. मागे गेलं की आपण परत प्रकटता, परत पाच-चार-तीन. शेवटी पॉझ करून, टीव्हीला नाक लावून वाचलं. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा. ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’, ‘कासव’ करणाऱ्या सुमित्रा भावे. त्या १९ एप्रिल २०२१ ला गेल्या, आणि हा चित्रपट घरोघरी पोचला ३० एप्रिलला. माई पडद्यावर नाहीत आणि त्यांना आवाज देणारी बाईही नाही, अशा वेळी तो आवाज पहिल्यांदा आमच्यासारख्यांच्या दिवाणखान्यात आला. हे कळल्यावर मला चित्रपट पुन्हा पहिल्यापासून ऐकावासा वाटला. आपल्याला याचं काय? आपण तेव्हा पुरणपोळीला किती तारे द्यायचे ते विचारत होता.

‘द लंचबॉक्स’बद्दल फार लिहीत नाही. डबेवाल्यांच्या गाण्यावर तो संपतो, साजन इलाला भेटतो की नाही ते सांगत नाही, आणि देशपांडे आंटी म्हणजे भारती आचरेकर, हे ज्यांना आवाजावरून कळलं नसेल त्यांना आपण कळू देणार नाही. पुरे.

आपल्या मावसभावाचीही तक्रार याच पाकिटात घालते, वेगळं टपाल कशाला. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींचा असतो. टीव्हीतले हे गृहस्थ दोन चौकटींच्या मधल्या चौकटी स्वतःच्या डोक्याने रचून घुसडतात आणि ‘तुंबाड’चा तो अंधार, तो पाऊस दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत करून ठेवतात. २०१८ मध्ये टॉम क्रूझने व्हिडिओ करून लोकांना विनवलं होतं की हे बंद करा. एवढा विमानाला लटकणारा माणूस, पण इथे त्यालाही हात जोडावे लागले.

आता आपण म्हणाल, थिएटरात तरी कोण नामावली बघतं? बरोबर आहे. डोअरकीपर ‘समाप्त’च्या आधीच दारं उघडायचा, लोक चपला शोधायला वाकायचे. पण तो फक्त बाहेर जाऊ द्यायचा, दंड धरून शेजारच्या थिएटरात ढकलत नव्हता. आणि नाटकात तर तिसरी घंटा झाली की नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा सगळी नावं आधी कानांवर पडतात, ती ऐकल्याशिवाय पडदाच सरकत नाही. जुन्या चित्रपटांचीही रीत तीच होती. नावं आधी, गोष्ट मग.

म्हणून येत्या शनिवारी आम्ही ‘सिंहासन’ लावायचं ठरवलंय. जब्बार पटेल, १९७९. तिथे शेवटी आपल्याला काही काम नाही, असं म्हणून मी खूश होते. तर लेक म्हणाला, “आई, तिथे ‘सुरुवात वगळा’ येईल.” हे आपले थोरले बंधू असं कळलं. त्यांनाही हे पत्र दाखवावं. आमच्या सासूबाईंनी रिमोट फ्रिजवर ठेवायचं जाहीर केलंय, आणि फ्रिजवर घरातल्या कुणाचाच हात स्टूल घेतल्याशिवाय पोचत नाही.

कळावे. लोभ आहेच, तो थोडा कमी करावा ही विनंती.

आपली,
सोफ्यावरची एक प्रेक्षक