'ना'चा खुलासा

शास्त्रीबुवांनी शाळेत 'नृ' शब्द चालवावयास घेऊन 'ना, नरौ, नरः' असा आरंभ केला, त्या दिवशी 'ना' म्हणजे पुरुष हे मी निमूटपणे मान्य केले. पुढे वडिलांच्या कचेरीत 'नामंजूर' शेरा पडलेल्या अर्जांची दप्तरे पाहिली, तेव्हा फारशीतला 'ना' हा त्या पुरुषाचाच कोणी तापट चुलता असावा, अशी माझी समजूत झाली.

पुढे सोलापुरास बदली झाली आणि पूर्वभागात, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या वस्तीत, मागाच्या खटखटाटाला लागूनच बिऱ्हाड मिळाले. घरमालकीणबाई, ज्यांना सारी आळी अव्वा म्हणे, रोज सकाळी नातवाला मांडीवर घेऊन 'ना बंगारम, ना बंगारम' असे घोळवीत बसत. बंगारम म्हणजे सोने, एवढे तेलुगू मला अवगत होते. तस्मात् घरात सोने उरले नाही, हे ही माउली अजाण पोराला नित्य ऐकविते आहे, या कल्पनेने माझे अंतःकरण इतके द्रवले की, महिना संपावयास आठ दिवस असताना मी भाडे आगाऊ नेऊन दिले. अव्वांनी ते दोनदा मोजून कनवटीस लावले. तेलुगूत 'ना' म्हणजे 'माझे', हा खुलासा मागाहून झाला. भाड्याची तारीख मात्र आठ दिवस अलीकडे आली ती आलीच.

कचेरीतले एक कारकून अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे. 'रविवारी जेवायला येणार ना?' असे मी विचारले, तेव्हा ते तोंडाने कानडीत बेरीज करीत होते, म्हणून उत्तरही कानडीतच आले: 'ना बर्तीनि.' नकार समजून मी घरी तसे कळविले. रविवारी बाराच्या ठोक्याला गृहस्थ दोन्ही मुलांसह दारात उभे! 'ना' म्हणजे 'मी' आणि 'बर्तीनि' म्हणजे 'येतो'.

'अहो, तुम्ही नीट विचारलंत ना?' सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून पृच्छा केली. आता हा 'ना' कोणता म्हणावा? नकार नव्हे, पुरुष नव्हे. तो शुद्ध आरोप होता. 'ये ना'मधले आर्जव आणि 'सांगितलं ना एकदा'मधला त्रागा ज्या भाषेत एकाच अक्षराच्या खांद्यावर टाकलेला आहे, तिने तेलुगू-कानडीस नावे ठेवू नयेत. ग्रीक आणि कोरियन लोक तर 'ने' म्हणून होकार देतात, असे पुढे वाचनात आले. तिकडे माझी बदली होण्याचा संभव नाही, हे ठीकच आहे.

वाचकहो, सोलापुरात कोणास जेवावयास बोलवाल, तर उत्तर काहीही येवो, भात चार मुठी जास्तच टाका.