मिजास कुठल्या काठाची?

कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटाला क्रूझचं जहाज लागायच्या आदल्या रात्री आम्हा पाणबुड्यांमध्ये दोन पक्ष पडतात. बोटवाले म्हणतात, सुट्टीवर आलोय, हमाली करायला नाही. किनारेवाले म्हणतात, बोटीतून उडी मारतो तो पर्यटक. पाठीवर टाकी घेऊन चालत समुद्रात शिरतो तो खरा डायव्हर. मी दोन्हीकडे मान डोलावतो, कारण रुबाब करायला दोन्हीकडे वाव आहे आणि मला एकही सोडवत नाही.

बोटीवरचा रुबाब फुकटात मिळतो. टाकी कुणीतरी जोडून ठेवलेली असते, पायातल्या फिन्स कुणीतरी पुढे करतो. आपण काठावर बसायचं, एका हाताने मास्क दाबायचा आणि पाठमोरं पाण्यात कोसळायचं. पडण्याला एवढी प्रतिष्ठा जगात दुसरीकडे कुठेही नाही. घरच्या खुर्चीवरून मी असा पडलो असतो, तर आत्तापर्यंत एमआरआय झाला असता आणि मुलीने टबाला दांडी बसवून घेतली असती. अर्थात परत येताना शिडीवर लोंबकळत असतो आणि मागून कुणीतरी टाकी उचलून मला वर ढकलत असतं. पण त्या वेळचे फोटो कुणी मागत नाही.

किनाऱ्यावरचा रुबाब कमवावा लागतो. पिकअप भाड्याने घ्यायची, मागे टाक्या आडव्या टाकायच्या आणि रस्त्याकडेचे पिवळे रंगवलेले दगड वाचत निघायचं. प्रत्येक दगड म्हणजे डुबकीची एक जागा, त्यावर तिचं नाव. बेटावर वारा येतो पूर्वेकडून, त्यामुळे पश्चिमेचा किनारा आडोशाला आणि शांत. शिवाय प्रवाळ किनाऱ्यापासून अगदी थोड्या अंतरावर. मेक्सिकोतल्या कोझुमेलला ही चर्चाच उद्भवत नाही. तिथे प्रवाह इतका जोराचा की उतरायचं एकीकडे आणि निघायचं भलतीकडे. बोट बिचारी बुडबुड्यांच्या मागोमाग येते. बोनेअरला मात्र गाडी उभी करून समुद्रात चालत जाता येतं. चालत, हा शब्द माहितीपत्रकातला. भरलेली अ‍ॅल्युमिनियमची टाकी जवळपास १७ किलोंची, कमरेला शिसं वेगळं आणि पायाखाली मेलेल्या प्रवाळाचे धारदार तुकडे. पाण्यात सगळं वजन हलकं होतं हे खरं, पण पाण्यापर्यंत कुणी पोचवायचं? हातमोजे घालायला मरीन पार्कात बंदी आहे, कारण हात झाकला की माणूस बिनधास्त प्रवाळाला धरतो. त्यामुळे पडलात तर उघड्या तळव्यांवर पडता. 'थाउजंड स्टेप्स' नावाच्या जागेला पायऱ्या जेमतेम सत्तरेक आहेत. नाव ठेवणारा टाकी घेऊन वर चढत आला असणार.

आता हिल्मा हूकरची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही. जेवणाच्या टेबलावर मी ती काढली की बायको मेनूकार्ड पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेते. १९८४ सालच्या उन्हाळ्यात हे मालवाहू जहाज भर समुद्रात बंद पडलं. ओढून बोनेअरच्या धक्क्याला आणलं. कागदपत्रं मागितली तर धड सापडेनात. झडती घेतली तर खोट्या भिंतीआड सुमारे ११ टन गांजा! तो जप्त झाला, जहाजही जप्त झालं आणि मालकाचा शोध सुरू झाला. मालक कशाला येतोय? जहाज मात्र गळत होतं आणि सरकारी पंप त्यातलं पाणी उपसत होते. पुरावा बुडू नये म्हणून सरकार त्याची शुश्रूषा करत होतं, हे चित्र मला फार आवडतं. शेवटी धक्क्यालाच बुडालं तर बंदर अडेल म्हणून ते बाजूला नेऊन नांगरलं. १२ सप्टेंबरला ते कलंडलं आणि तळाला गेलं, तेही नेमकं दोन प्रवाळरांगांच्या मधल्या वाळूवर, सुमारे ३० मीटर खोल, पाणबुड्यांना सोयीचं पडेल अशा ठिकाणी. आपल्याकडे पोलीस चौकीच्या आवारात जप्तीच्या स्कूटर गंजत पडतात आणि त्यांच्या सीटमधून पिंपळ उगवतो. बोनेअरच्या मुद्देमालावर स्पंज आणि प्रवाळ उगवलं आणि तो बघायला लोक पैसे भरून येतात. सरकारी दिरंगाईतून इतकं सुंदर काही निपजल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. मला त्या फरार मालकाचंही कुतूहल वाटतं. आपलं जहाज इतकं नावारूपाला आलेलं पाहून त्याला एकदा तरी तिकीट काढून यावंसं वाटलं असेल का? आणि आला असेल, तर बोटीने की किनाऱ्यावरून?

कारण हिल्मा हूकरला दोन्हीकडून जाता येतं. म्हणजे वाद होता तिथेच.

मी हा वाद रात्री केबिनमध्ये मोठ्याने घालत होतो. बायको उशी थोपटत म्हणाली, "अहो, बोटीने गेलात की मला नुसतं घड्याळ दिसतं. किनाऱ्यावरून गेलात तर बुडबुडे तरी दिसतील."

हिला पोहता येत नाही. मालवणला मी पहिल्यांदा स्कूबा केलं, तेव्हाही ही वाळूवर माझ्या चपला सांभाळत बसली होती. तिथल्या पोराने माझा दंड शेवटपर्यंत सोडला नव्हता, पण वर आल्यावर मी जे वर्णन केलं त्यात तो पोरगा कुठेच नव्हता. तेव्हापासून प्रत्येक डुबकीनंतर मी बोलतो आणि ही ऐकते. खाली मला हवा मोजायला काटा असतो: २०० बारला सुरुवात, ५० उरायच्या आत वर. मनगटावर खोली आणि वेळ दाखवणारा संगणक असतो, शेजारी जोडीदार असतो. वर बसलेल्या माणसाला यातलं काहीच नसतं. पाऊण तास समुद्र कोऱ्या चेहऱ्याने समोर पसरलेला असतो आणि त्यात आपलं माणूस कुठेतरी असतं. जहाजाच्या माहितीपत्रकात अशा लोकांसाठी एक ओळ आहे: डायव्हिंग न करणाऱ्यांनी शहरात खरेदीचा आनंद घ्यावा. मला त्या ओळीची चीड आली. मग लक्षात आलं की प्रत्येक बंदरावर हेच वाक्य मीही हिला ऐकवत आलोय, फक्त वर क्रेडिट कार्ड देऊन.

दुसऱ्या दिवशी आम्ही पिकअप घेतली. हिल्मा हूकर राहिलीच. किनाऱ्यालगतचा उथळ प्रवाळ निवडला, म्हणजे बुडबुडे हिच्या नजरेच्या टप्प्यात राहतील. पहिल्याच लाटेने मला बसवलं. दुसरीने आडवं केलं. जोडीदार म्हणून मिळालेल्या निवृत्त डच गृहस्थांनी सभ्यपणे क्षितिजाकडे पाहिलं. या सगळ्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे आणि ते पुण्यातल्या फॅमिली ग्रुपवर माझ्याआधी पोचलं. वर आलो तेव्हा मी खाली काय काय पाहिलं ते सांगायला तोंड उघडलं, तर हीच सांगू लागली: मी कुठे वळलो, कुठे रेंगाळलो, मध्ये एकदा बुडबुडे एकाच जागी किती वेळ येत राहिले. त्या जागी मी एका पोपटमाशाला दाताने प्रवाळ खरवडताना बघत होतो. हिला ते वरून कळलं नव्हतं, पण मी थांबलोय हे कळलं होतं.

तेव्हा क्रूझला जाणाऱ्यांना माझा सल्ला. कोझुमेलला बोटच घ्या, प्रवाहाशी वाद घालू नका. बोनेअरला एकटे असाल तर समोरच्या क्लाइन बोनेअर या छोट्या बेटाकडे जाणाऱ्या बोटीत बसा आणि खुशाल पाठमोरे पडा. पण पाण्यात न उतरणारं कुणी सोबत असेल, तर किनारा घ्या आणि फार लांब जाऊ नका. पिकअप वेळेत परत करा. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला गेलेल्यांसाठी जहाज थांबतं. आपल्या हिमतीवर फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही. ते धक्क्यावरून धावत सुटतात आणि वरच्या डेकवरचे लोक ग्लास उंचावून टाळ्या वाजवतात.