विमानाचे पाय

आमचे दाजी विस्कॉन्सिनात राहतात आणि जुलै संपत आला की त्यांच्या अंगात ऑशकॉश संचारतं. जगभरचे विमानवेडे त्या गावी जत्रेला जमतात. बाकीचे माना वर करून आभाळ बघत असतात. दाजी ओणवे होऊन विमानांच्या पोटाखाली शिरतात. त्यातही १९४०च्या आगेमागेची, शेपूट जमिनीला टेकवून बसणारी, दोन माणसांची विमानं दिसली की बैलबाजारात खूर तपासायला आल्यासारखे बसकणच मारतात. "पंख काय, सगळ्यांनाच असतात. पाय बघा!"

या विमानांच्या वजनाचा मध्य पुढच्या दोन चाकांच्या मागे पडतो. उतरताना नाक जरा तिरकं झालं आणि वैमानिकाने वेळीच सावरलं नाही, की शेपटीला पुढे जायची घाई सुटते आणि विमान गर्रकन गिरकी घेतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. असल्या प्रसंगी सगळा भार पायांवर.

दाजींच्या मागोमाग मीही शिरलो. पायपर जे-३ कबच्या पोटाखाली रबरी दोराची वेटोळी होती.

"हे तर चड्डीचं इलॅस्टिक!" मी म्हणालो.

"तेच. फक्त हे ढिलं पडलं तर लाजेबरोबर पंखही जातो."

एरोंका चँपच्या पायात तेल आणि स्प्रिंग. कितीही आपटा, बिचारं गिळून टाकतं. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांतलं एके काळचं पुष्पकही एरोंका चीफच्या नात्यातलं आणि शेपटीवरच बसणारं, हे ऐकून मला उगाच माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

मग आलं १९४६चं सेस्ना १४०. याचे पाय म्हणजे पोलादाची नुसती वाकवलेली पट्टी. रबर नाही, तेल नाही, काही नाही. ही युक्ती ऑशकॉशच्याच स्टीव्ह विटमनची. हा गडी शर्यतीची विमानं स्वतःच बांधायचा. सेस्नाने त्याच्याकडून हक्क घेतले. पण पोलाद उधारी ठेवत नाही. जेवढं आपटाल तेवढं रोख परत, आणि विमान पुन्हा हवेत! त्यात जोरात ब्रेक दाबला तर हे नाकावर पडायचं. म्हणून चाकं पुढे सरकवणारे जोडतुकडे निघाले. पुढे कारखान्याने पायच पुढे झुकवले. नाक वाचलं, गिरकीची ओढ मात्र वाढली.

"नाकाचं दुखणं शेपटीत नेऊन ठेवलं," दाजी कौतुकाने म्हणाले.

शेवटी एक सेस्ना १९५ दिसलं. त्यातल्या काहींना गुडइयरची वळणारी चाकं बसवत. आडवा वारा असला की विमान नाक वाऱ्याकडे ठेवूनच टेकतं; चाकं आपापली वळतात आणि स्वारी धावपट्टीवरून सरळ धावते, तोंड शेजारच्या शेताकडे!

दाजींना हे मुळीच पटलं नाही. "वारा आला म्हणून तोंड फिरवायची मुभा? मग माणसाने शिकायचं काय?"

ताई इतका वेळ सावलीत बसून वारा घेत होती. ती म्हणाली, "अहो, घ्यायचंच झालं कधी, तर हेच घ्या."