मुखड्यापुरते काका

इंदूरमधल्या मराठी लग्नात सीमांतपूजन आटोपलं, जेवणं झाली आणि हॉलच्या कोपऱ्यात सतरंजीवर दहा-बारा जण टेकले, की कुणीतरी विचारतंच, "काका आले का?" काका आलेलेच असतात. ते सुदामानगरचे असतील, लोकमान्यनगरचे असतील किंवा राजेंद्रनगरचे. बँकेतून निवृत्त झालेले असतील, नाहीतर वीज मंडळातून. मुलीकडचे की मुलाकडचे, हे बरेचदा दोन्हीकडच्यांना ठाऊक नसतं. काखेतल्या वहीवरून मात्र सगळे ओळखतात.

ती खरं तर वही नव्हेच. टेलिफोन नंबर लिहायची, कडेला अक्षरांच्या पायऱ्या कापलेली जुनी डायरी आहे. इंग्रजी अक्षरांवर चिठ्ठ्या डकवून काकांनी क, ख, ग केलंय. सव्वीस कप्प्यांत आपली वर्णमाला मावेना, म्हणून ठ आणि ढ एका खोलीत भाडेकरू आहेत. आत फक्त मुखडे, पहिल्या अक्षराप्रमाणे लावलेले, आणि समोर सिनेमाचं नाव व साल. गायक, गीतकार, संगीतकार, राग यांना रकाना नाही. भेंड्यांत ते कोण विचारतो?

'न'चं पान सगळ्यांत जाड. पुरवणी पानं जोडून जोडून ते फुगलंय, कारण गाणी 'ना'वर, 'ने'वर संपतात आणि समोरचा पक्ष 'न' देऊन मोकळा होतो. 'ह'चंही तेच, हिंदीतलं निम्मं प्रेम 'है'वर येऊन थांबतं. पण काकांचा जीव आहे तो भाडेकरूंच्या खोलीत. 'ठ'वर 'नौजवान'मधलं (१९५१) लताबाईंचं गार वाऱ्याचं गाणं, 'मिस्टर अँड मिसेस ५५'मधलं (१९५५) गीता दत्तचं त्याच वाऱ्याचं गाणं, आणि अगदीच निकराची वेळ आली तर 'पाकीजा'मधली (१९७२) ठुमरी. 'ढ'वर 'हमजोली' (१९७०): जितेंद्र आणि लीना चंदावरकर बॅडमिंटन खेळतात ते. पहिल्याच फेरीत यातलं एखादं उधळून टाकणाऱ्या पोराकडे काका ज्या नजरेनं बघतात, तिनं फक्त एफडी मोडणाऱ्याकडे बघतात.

काकू मात्र 'ढ' आला की शांतपणे दादा कोंडक्यांचं ढगाचं गाणं म्हणून मोकळ्या होतात. मग मराठी गाणी चालतात की नाही यावर अर्धा तास जातो. चालतात. इंदुरात मराठी चालणार नाही, असं म्हणायची कुणाची टाप आहे? पण काकांना ते मनातून पटलेलं नसतं.

काका खेळाडू कमी आणि न्यायाधीश जास्त. 'ळ' आला तर 'ल' घ्यायचा, 'ण' आला तर 'न', हे निकाल जुनेच. सुरुवातीचे 'ओ', 'हो', 'अजी' धरायचे नाहीत. किशोरकुमारचं यॉडलिंग धरायचं नाही, नाहीतर अर्धा किशोर एकाच अक्षरावर जाईल. सगळ्यांत गाजलेला खटला 'चलती का नाम गाडी'मधल्या (१९५८) उधारीच्या गाण्याचा. किशोर खंडव्याचा, शिकायला इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात. तिथल्या कँटीनवाल्याचे पाच रुपये बारा आणे द्यायचे राहिले आणि त्याचंच पुढे गाणं झालं, ही कथा इंदुरात रिक्षावालाही सांगतो. त्यामुळे अख्खं शहर ते गाणं 'प'वर म्हणतं. "साफ चूक," काका म्हणतात. "मुखडा 'म'चा आहे. पैशाचा हिशेब नंतर येतो." 'प'वर ते म्हणणाऱ्याला बाद केल्यामुळे रुसलेले एक जावई पुढच्या दिवाळीला आले नव्हते, असं सांगतात.

शहराचा अभिमान काकांना आहेच. किशोरचा जन्म ४ ऑगस्ट १९२९चा, लताबाईंचा त्यानंतर पंचावन्न दिवसांनी, २८ सप्टेंबरला, इथल्याच शीख मोहल्ल्यात. हे पंचावन्न दिवस काका न मोजता सांगतात. अमीर खाँसाहेबही इंदूरचेच, पण विलंबित ख्यालाच्या भेंड्या लावता येत नाहीत, त्याला काका तरी काय करणार? पिगडंबरला सुमन चौरसिया यांनी उभारलेल्या ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालयात पुतण्यानं त्यांना मोठ्या हौसेनं नेलं. हजारो रेकॉर्डींसमोर काका हात मागे बांधून भारावून उभे राहिले आणि मग त्यांनी एकच प्रश्न विचारला : "अक्षरवार लावल्यात का?"

१९९३मध्ये झी टीव्हीवर 'अंताक्षरी' सुरू झाली तेव्हा काकांना वाटलं, आपले दिवस आले. दीवाने, परवाने, मस्ताने असे तीन संघ, मधे नाचणारे-गाणारे अन्नू कपूर. महिनाभरात काकांचा विरस झाला. तिथे म्हणे सुरात गावं लागतं. धून ऐकून ओळखा, दृश्य बघून ओळखा, असलं काहीबाही. भेंड्या म्हणजे स्मरणशक्तीचा सामना. त्यात गाणं आणलं की खेळाचा विचका होतो, असं त्यांचं मत पडलं.

आणि इथेच काकांची खरी मेख आहे. मुखडा संपला की गाणं संपलं. शेवटचं अक्षर पुढच्याच्या पदरात टाकलं की आपली जबाबदारी सरली. अवंतिका एक्स्प्रेसमध्ये म्हणा, गराडू खात सराफ्यात म्हणा, हजारो गाण्यांच्या उंबरठ्यापर्यंत काका जाऊन आलेत. आत पाऊल एकदाही टाकलेलं नाही. कुठल्याही गाण्याचा अंतरा त्यांना येत नाही.

हे उघडकीला आणलं कराओकेनं. गेल्या काही वर्षांत इंदूरच्या निवृत्त मंडळींना त्याचा जबरदस्त नाद लागलाय. व्हॉट्सॲप ग्रुप, ब्लूटूथ स्पीकर, ३१ जुलैला रफी, ४ ऑगस्टला किशोर, २८ सप्टेंबरला लता. प्रीतमलाल दुआ सभागृहात नव्या जाकिटातले हौशी आवाज आणि पहिल्या रांगेत मोबाइल धरून बसलेल्या त्यांच्या बायका. एवढी गाणी येणारा माणूस आपल्याला मिळाला, या आनंदात एका ग्रुपनं काकांना चढवलं मंचावर. मुखडा काकांनी ठणठणीत म्हटला. पडद्यावर अक्षरांचे रंग बदलत होते, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ओळ संपली, मधलं संगीत सुरू झालं, आणि काकांनी चाळीस वर्षांच्या सवयीनं समोरच्या रांगेकडे बोट करून फर्मावलं, "चला, 'र' आला तुमच्यावर!" सभागृह हसतंय हे बघून त्यांनी नमस्कार केला आणि ते खाली उतरले. मागे व्हायोलिनं दोन अंतरे एकटीच वाजत राहिली. निवेदिकेनं प्रसंगावधान राखून चहापानाचं मध्यांतर जाहीर केलं.

हे यंत्र मुळात काढलं कुणी, अशी काकांनी चौकशी केली ती सूड म्हणूनच. पुतण्या तोक्योला, निशी-कासाईत असतो. आयटीवाले भारतीय राहतात तोच भाग. पुतण्यानं सांगितलं : कोबे शहरातले दाइसुके इनोउए. बारमध्ये गाणाऱ्या गिऱ्हाइकांना ते साथ करत. १९७१मध्ये त्यांनी नाणं टाकलं की नुसती साथ वाजवणारी पेटी तयार केली आणि पेटंट घेतलंच नाही. पुढे २००४ साली त्यांना शांततेचं इग नोबेल मिळालं. ते गंमतीचं पारितोषिक. माणसांना एकमेकांना सहन करायची नवी रीत शिकवली म्हणून.

"सहन करणाऱ्यांना काही देतात का, ते विचार," काकू आतून म्हणाल्या.

पण पुढची माहिती ऐकून काकांचा राग निवळला. जपानी कराओकेची जाडजूड पुस्तकं म्हणे गाण्याच्या नावाच्या पहिल्या ध्वनीप्रमाणेच लावलेली असत. आणि तो क्रम आ, इ, उ, ए, ओ, मग का, की, कू असा चालतो. बौद्ध भिक्षूंनी संस्कृतसाठीच्या सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्यातून तो बसला. "म्हणजे माझीच वही!" काका कडाडले. शिवाय तिकडे 'शिरितोरी' नावाच्या शब्दांच्या भेंड्या आहेत. समोरच्याला सारखा 'रु' देऊन कोंडीत पकडायचा डाव तिथे प्रसिद्ध आहे, कारण 'रु'वरून शब्दच थोडे. दूरदेशी आपल्या 'ठ'चा भाऊ सापडल्यासारखे काका हळवे झाले.

आता दर रविवारी व्हिडिओ कॉलवर पुतण्याच्या सहा वर्षांच्या मुलीशी त्यांची शिरितोरी चालते. समोर जीरावन भुरभुरलेले पोहे, हातात नवी डायरी, तीत कप्पे आ ते वा. परवा पोरीनं 'शि' दिला. काकांनी वहीत न बघता, छाती फुगवून उत्तर ठोकलं : "शिंकानसेन!"

"आजोबा हरले! आजोबा हरले!"

शिरितोरीत शेवटी 'न्' आला की खेळ खलास, कारण 'न्'पासून जपानी शब्द सुरूच होत नाही. पुतण्यानं हे सांगितल्यावर काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. 'न'वर माणूस हरतो? त्यांनी जुनी डायरी आणवली, फुगलेलं पान कॅमेऱ्यासमोर धरलं आणि 'न'चे मुखडे एकापाठोपाठ म्हणायला सुरुवात केली. पाचव्या मुखड्याला पोर कार्टून बघायला निघून गेली. "आपल्याकडे 'ळ'ला 'ल' देतोच की नाही?" काका पुतण्याला दटावत होते. "त्यांना म्हणावं, 'न्'ला 'न' द्या. आणि नसेल द्यायचा, तर नियम लेखी पाठवा."