आतून बाहेर

गाडीला भोक पडावं म्हणून मी दोन वर्षं वाट पाहिली. नवस तेवढा बोललो नाही.

गाडी 2018च्या दसऱ्याची. झेंडूचा हार, चारही चाकांखाली लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, सगळं रीतसर झालं. शोरूमच्या मुलाने किल्लीबरोबर एक जाडजूड पुस्तक हातात दिलं आणि त्यातल्या एका पानावर नखाने टकटक केलं. 'गंजाविरुद्ध सहा वर्षं, सर!' आमचं घर रत्नागिरीत, मांडवीच्या समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. इथे खिडकीचे गज, फाटकाची कडी, तुळशीवृंदावनाशेजारच्या नळाची तोटी यांना वयच नसतं. आज आहेत, उद्या भुगा. त्यामुळे मायलेज, एअरबॅग वगैरे किरकोळ गोष्टी सोडून मी त्या एका पानावर गाडी घेतली.

त्याच मुलाने पुढच्याच श्वासात साडेचार हजारांचं अंडरबॉडी कोटिंगही गळ्यात मारलं. 'सहा वर्षांची वॉरंटी आहे ना? मग हे कशाला?' असं मी विचारलं. तो समजूतदारपणे हसला. 'वॉरंटी आहेच, सर. पण आपल्याकडची हवा!' हवेचं नाव काढल्यावर रत्नागिरीकर काय बोलणार? पैसे दिले.

2022च्या गणपतीत गाडी धुताना डाव्या मागच्या चाकाच्या पुढे, दाराखालच्या पट्टीवर, मोहरीएवढा फोड दिसला. बोटाने दाबला तर रंग पापडासारखा कुरकुरला. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, भाडेकरूने पोटभाडेकरू आणावेत तशी. मग वरचा रंग फुगतो. म्हणजे फोड बाहेर दिसला तरी कारभार आत कधीच सुरू झालेला असतो. एवढं रसायनशास्त्र मला दहावीपासून येत होतं. सर्व्हिस सेंटरच्या ॲडव्हायझरला त्याहून जास्त येत होतं.

'सर, हा फोड आहे. फोड पेंटमध्ये येतो. पेंटची वॉरंटी तीन वर्षं. तुमची गाडी चार वर्षांची झाली.'

'पण आत गंज आहे म्हणून तर फोड आला ना?'

'असेल, सर. पण गंजाच्या वॉरंटीत भोक लागतं. आरपार. तेसुद्धा आतून बाहेर आलेलं. बाहेरून आत गेलेलं चालत नाही.'

'मग आता काय करू?'

'भोक पडलं की या.'

येताना नाक्यावरच्या डेंटिंगवाल्या मिस्त्रीला फोड दाखवला. तो म्हणाला, 'काका, आत्ता घासून रेड ऑक्साइड मारतो, रंगाचा हात देतो, दीड हजारात विषय संपेल.' संपला असता. पण पुस्तकात छापलंय की अधिकृत केंद्राबाहेर पत्र्याला हात लावलात तर वॉरंटी गेली. म्हणजे आत्ता दीड हजारात गंज थांबवला तर मी बेजबाबदार गाडीमालक. आणि पत्रा कुजेपर्यंत हाताची घडी घालून बसलो तर आदर्श ग्राहक. मी आदर्श व्हायचं ठरवलं.

दर रविवारी गाडीशेजारी उकिडवा बसून मी फोडाभोवती पेन्सिलीने रेघ मारायचो आणि बाजूला तारीख घालायचो. लेकीची उंची आम्ही स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर अशाच खुणा करून मोजली होती. मोहरीचा फोड तूरडाळीएवढा झाला, डाळीचा वाटाणा झाला, पुढे त्याला शेजारच्या दोन फोडांची सोबत मिळून रुपयाचं नाणं झालं. पावसाळ्यात प्रगती चांगली, उन्हाळ्यात मंद. एकदा बायकोने खिडकीतून विचारलं, 'अहो, फूटपट्टी घेऊन गाडीखाली काय करताय?' मी म्हटलं, 'वाढतोय.' तिने खिडकी लावून घेतली.

आणि 2024च्या श्रावणात, सहा वर्षं भरायला दोन महिने असताना, माझी तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली. मी पेढे आणले. बायको म्हणाली, 'गाडीला भोक पडलं म्हणून पेढे आणणारे तुम्ही पहिलेच.'

क्लेम टाकण्यापूर्वी पुस्तक नीट वाचावं म्हणून चष्मा लावून बसलो. 'खालील कारणांनी झालेला गंज वॉरंटीत येत नाही' असं म्हणून पुढे यादी होती: समुद्रावरची खारी हवा, झाडाचा चीक, पक्ष्यांची विष्ठा, रस्त्यावरची खडी उडून रंगाला पडलेले टवके, चिखल, साचलेलं पाणी. वाचताना वाटलं, हा आमच्या घराचा पत्ता यांना कुणी दिला? समोर समुद्र, गाडीवर फणसाची फांदी, फांदीवर कावळे, आणि घरापासून मुंबई-गोवा महामार्गापर्यंत खडी आणि चिखल यांत फक्त ऋतुमानाप्रमाणे काय ते कमी-जास्त. ही गाडी राजस्थानात जैसलमेरला वाळूत उभी केली असती तर वॉरंटी शंभर टक्के लागू होती. तिथे गंज धरला नसता हा भाग वेगळा.

पुढे आणखी एक पान निघालं. दरवर्षी अधिकृत केंद्रात बॉडीची तपासणी करून शिक्का घ्यायचा. 2019चा शिक्का होता, 2021 ते 23चे होते. 2020ची चौकट कोरी. ॲडव्हायझरने त्या चौकटीवर पेन टेकवलं.

'सर, हा गॅप आहे.'

'अहो, तो लॉकडाऊन होता! तुमचं वर्कशॉपच बंद होतं.'

'बरोबर आहे, सर. पण शिक्का नाहीये.'

त्या वर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. तेवढी सवलत पांडुरंगाने दिली. गंजाच्या वॉरंटीत तशी सोय नाही. शेवटी 'रिमार्क टाकतो' म्हणून त्याने क्लेम पोर्टलवर चढवला. मीही प्रत्येक जॉबकार्डाची झेरॉक्स मागून घेतली. जाता जाता एक अनुभवाचं सांगतो: यांच्याकडे तोंडी तक्रार केली की ती तोंडीच राहते. 2022 सालचा तो फोड जॉबकार्डावर लिहून घेतला असता तर आज माझ्या हातात कागद असता. मी पेन्सिल वापरली, ती गाडीवर.

तीन आठवड्यांनी कोल्हापूरहून कंपनीचे साहेब आले. त्यांनी भोकाकडे पाहिलं, मोबाइलचा टॉर्च आत घातला, किल्लीने कडा खरवडल्या आणि मान तिरकी करून पुन्हा पाहिलं. प्रश्न एकच होता, गंज आला कुठून? आतून निघून बाहेर पोचला, की बाहेरून शिरून आत गेला? भोकाला दोन्हीकडून सारखंच भोक म्हणतात, असं माझं मत. साहेबांचं तसं नव्हतं. आमच्या आजोबांच्या न्हाणीघराचा पत्राही कुजला होता, पण तो कुठल्या दिशेने कुजला याची चौकशी करायला कोल्हापूरहून कुणी आलं नव्हतं.

अमेरिकेतल्या भाच्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, 'मामा, इकडे भोकाचं माप असतं.' आणि खरंच होतं. तिकडे उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ वितळावं म्हणून मीठ टाकतात आणि त्यात गाड्यांचे सांगाडे कुजतात. टोयोटाच्या पिकअपच्या फ्रेम अशा कुजल्या तेव्हा मालक कोर्टात गेले आणि 2016 साली तडजोड झाली. सुमारे 15 लाख गाड्या, सुमारे 340 कोटी डॉलरचा अंदाज. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण फ्रेमला 10 मिलिमीटर किंवा त्याहून मोठं भोक गंजाने पडलेलं दिसलं की फ्रेम बदलून द्यायची असं ठरलं. मी लगेच फूटपट्टी घेऊन खाली गेलो. माझं भोक 22 मिलिमीटरचं. अमेरिकेत मी दोनदा पास झालो असतो. पण टोयोटाची गोष्ट सांगून आपल्याकडच्या भलत्याच कंपनीच्या साहेबांना फरक पडेल, हा माझा भाबडेपणा. ते म्हणाले, 'तिथली पॉलिसी वेगळी.' युरोपात आतून आरपार गंजण्याविरुद्ध कित्येक कंपन्या बारा वर्षांची हमी देतात, तेही मी सांगून पाहिलं. 'तिथली हवा वेगळी,' साहेब म्हणाले. मीठ मात्र इथून तिथून सारखंच.

दसऱ्याच्या आठवड्यात मेसेज आला: फोटो अस्पष्ट असल्याने क्लेम रिजेक्ट. साहेबांनी काढलेले फोटो, त्यांच्याच मोबाइलवर. नवे फोटो काढून क्लेम पुन्हा चढवला तो दसरा उलटल्यावर. पोर्टलने नव्या क्लेमला नवी तारीख दिली आणि दिवाळीच्या फराळाबरोबर उत्तर आलं: वॉरंटीची मुदत संपल्यानंतर क्लेम दाखल. गंज वेळेत आला होता, भोक वेळेत पडलं होतं, कागद तेवढा उशिरा पोचला.

ॲडव्हायझर मुलगा वाईट नव्हता. त्याने आवाज खाली आणून सांगितलं, 'सर, गुडविलमध्ये बघतो.' गुडविल ही वस्तू पुस्तकाच्या एकाही पानावर छापलेली नाही आणि तरी वर्कशॉपचा निम्मा कारभार तिच्यावर चालतो. आपल्या हक्काचं असेल ते कलमांत अडकतं आणि हक्काचं नसेल ते कुणाच्या तरी मर्जीने सुटतं. आठ दिवसांनी मर्जी झाली. पूर्ण पट्टी कापून नवी बसवायची, 38 हजार; त्यातल्या सुट्या भागावर तीस टक्के कंपनी सोसणार, मजुरी आणि रंग माझा. बदल्यात मी लिहून द्यायचं की याबाबत माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही.

'आणि बाहेर करून घेतलं तर?'

'बाहेर केलंत तर वॉरंटी जाईल, सर.'

'कुठली?'

त्याने खरोखर विचार केला. 'जी असेल ती.'

ग्राहक आयोगात जायचं मनात आलं, अजूनही गेलेलं नाही. दावा लावायला घटनेपासून दोन वर्षं असतात आणि माझ्या गाडीच्या किमतीला फी लागते फक्त 200 रुपये. 1915 या हेल्पलाइनवर फोन केला तर बाईंनी कंपनीच्या साहेबांपेक्षा जास्त आस्थेने ऐकून घेतलं. वकील मित्र मात्र म्हणाला, 'निर्मितीतला दोष आहे हे दाखवावं लागेल. आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायलाही पाठवू शकतो.' म्हणजे गंज आतून की बाहेरून, हा शास्त्रार्थ पुन्हा पहिल्यापासून. तोवर गाडी उरायला हवी.

म्हणून डिसेंबरात गाडी नाक्यावरच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने दीड हजारांची आठवण काढली नाही, हा त्याचा मोठेपणा. ग्राइंडरने कुजका पत्रा कापला, तसा पोकळीतून गुडघ्याएवढ्या उंचीवरून लालभडक पाणी पायावर आलं. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते.

'काका, हे पाणी बाहेर जायला कंपनी खाली भोकं ठेवते,' तो म्हणाला आणि गाडीखाली सरकला. बराच वेळ स्क्रू ड्रायव्हरने कुठेतरी टोचण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर काळ्या रबरासारख्या चार गोळ्या होत्या, प्रत्येक भोकाची एक.

'कोटिंग केलं होतं का खालून?'

'हो. शोरूममध्ये. नवीन असताना.'

'त्यांनी भोकांवरूनच फवारलंय. सहा पावसांचं पाणी आत कोंडलं.' मग त्याने पत्र्याचा कापलेला तुकडा उलटा करून दाखवला. आतल्या बाजूला खपल्याच खपल्या, बाहेरच्या बाजूला रंग अजून शाबूत. 'आतूनच आलाय हा. बघा.'

म्हणजे कोल्हापूरच्या साहेबांना हवा होता तोच गंज. शुद्ध, अस्सल, आतून बाहेर. मी तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला. बाल्कनीत ठेवलाय, फरशीवर त्याचं लाल वर्तुळ उमटलंय आणि बायकोने तो भंगारवाल्याला देण्यासाठी मला 1 तारखेपर्यंत मुदत दिली आहे.

मिस्त्रीने नवा पत्रा जोडला, लांबी भरली, रंग मारला, साडेसहा हजार घेतले. गॅरंटीचं विचारलं तर म्हणाला, 'पुढच्या पावसात एकदा आणून दाखवा.'

काल सर्व्हिस सेंटरमधून एका मुलीचा फोन आला. आवाज गोड होता.

'सर, आपल्या गाडीसाठी अंडरबॉडी कोटिंगची न्यू इयर ऑफर आहे. वीस टक्के डिस्काउंट.'

'त्यात सगळं कव्हर होतं का हो?'

'हो, सर, शंभर टक्के कव्हर होतं. एकसुद्धा भोक उघडं राहत नाही.'