घोळ लागत नाही त्या दिवसांचं बोला

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस पालघरच्या किनाऱ्यावरल्या मुरबे गावच्या एका बोटीला एकाच फेरीत १५७ घोळ मासे लागले. लिलावात त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये आले. नगाला सुमारे ८५ हजार! घोळीच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला परदेशात मोठी मागणी असते, म्हणून हा भाव. देशभरच्या चॅनेलवाल्यांनी बातमी चालवली, करोडपती करोडपती म्हणून गजर केला आणि चार दिवसांत ते मुरबे विसरले. ती बोट त्याआधी किती वेळा रिकामी परतली असेल, त्या दिवसांचं डिझेल कुणाच्या उधारीवर भरलं असेल, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

बोईसर-पालघरची विशीतली पोरं धंद्यात पडायचं म्हणून जे पॉडकास्ट ऐकतात, त्यातले बहुतेक असेच आहेत. घोळ लागली की माइक घेऊन धावणारे.

पॉडकास्ट ऐकू नका असं मी म्हणणार नाही. इथून चर्चगेट गाठायचं तर जाऊन-येऊन चार तासांवर वेळ गाडीत जातो. त्या वेळात, ज्या घरात कुणी कधी बॅलन्सशीट पाहिलेली नाही त्या घरातल्या पोराला भांडवल कुठून उभं राहतं, भागीदारी का फाटते, पहिला नोकर कधी ठेवायचा, हे फुकट ऐकायला मिळालं. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ही दारं उघडली. आधीच्या पिढीला एवढं सांगायला कुणीच नव्हतं. पण बाविसाव्या वर्षी कानावर पडलेलं माणूस जन्मभर वागवतो. म्हणून कुणाचं ऐकतोय, हे बघायला हवं.

ऐकायचंच असेल तर दोन सांगतो. दोन्ही अमेरिकेतले आहेत. पहिला २०१४ चा ‘स्टार्टअप’. ॲलेक्स ब्लूमबर्ग स्वतःची कंपनी काढत होता आणि काढता काढताच रेकॉर्ड करत होता. पहिल्याच भागात तो एका बड्या गुंतवणूकदारासमोर अडखळतो, त्याला आपला धंदा धड सांगता येत नाही. ती फजिती त्याने कापली नाही. पुढे काय होणार हे त्याला माहीत नव्हतं, म्हणूनच त्या आवाजात खरी धाकधूक आहे. दुसरा गाय राझचा ‘हाऊ आय बिल्ट धिस’, २०१६ पासूनचा. त्यात यशस्वी लोकच येतात, पण शेवटी राझ प्रत्येकाला विचारतो, यातलं नशीब किती आणि मेहनत किती? हा एक प्रश्न पोरांनी पाठ करावा. १५७ घोळींचं उत्तर त्यातच आहे.

आपल्याकडे काय चालतं? जून २०२५ मध्ये राज शमानीने आपल्या पॉडकास्टवर विजय मल्ल्यांना चार तास बोलू दिलं. चार तास! बँकांचं कर्ज थकवून देश सोडलेल्या माणसाला. तारापूर एमआयडीसीत मोठ्या कारखान्यासाठी जॉबवर्क करणाऱ्या पोराला चार मिनिटं कोण देतं? त्याचा धंदा व्हॅल्युएशनने बुडत नाही, अडकलेल्या बिलाने बुडतो. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत द्यावं लागतं. करारात काहीही लिहिलेलं असो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. हे त्याला माहीत असतं, पण व्याज मागितलं तर पुढची ऑर्डर जाईल, हेही माहीत असतं. या पेचातून लोक कसे सुटतात, यावर एक तास खर्च करा की!

आणि मुरब्यात तर अख्खं विद्यापीठ बसलंय. रिकाम्या फेरीनंतर खलाशाला घरखर्चाला पैसे कोण देतं? बर्फ आणि डिझेलचे भाव चढले की वाट्याचं गणित कसं बदलतं? कोणत्या गिऱ्हाइकाला उधार द्यायचं आणि कुणाला तोंडावर नाही म्हणायचं, हे मासळी विकणारी मावशी एका नजरेत ठरवते. ते कशावरून? सुकत घातलेल्या बोंबलावर अवकाळी पाऊस पडला की एका सकाळीत माल जातो, मग ती दुसऱ्या दिवशी काय विकते? पैशाची जोखीम याहून उघडी कुठे पाहायला मिळेल?

हे आत्ताच नोंदवायला हवं. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. मुरब्यातही बंदराचा प्रस्ताव आहे, त्याला गावाचा विरोध आहे. या किनाऱ्यावर संधी किती, यावर येत्या काळात पुष्कळ बोललं जाईल. इथे आधीच एक धंदा चालू आहे, तो कसा चालतो, किती घरं पोसतो, हे त्यातल्या माणसांच्या तोंडून कुठेच नोंदलेलं नसेल, तर इथे काहीच नव्हतं असं म्हणणं फार सोपं जाईल.

मराठीत ‘मित्रम्हणे’, ‘अमुक तमुक’, ‘थिंक बँक’ यांनी तास-तासभर निवांत बोलायची आणि ऐकायची सवय लावली आहे. ऐकणारे तयार आहेत. स्टुडिओ लागत नाही, खिशातला फोन पुरतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्याला, तांडेल घरी, जाळ्यांची डागडुजी चालू. बोलायला वेळ असतो. बोईसरच्या ज्या पोराला पॉडकास्ट काढायचाय, त्याने त्या दोन महिन्यांत मुरब्यात जावं आणि पहिला प्रश्न विचारावा : काका, गेल्या मोसमात सगळ्यात वाईट आठवडा कोणता होता, आणि तो कसा काढलात?